पंप हवा ओढतोय

हॅलो?… कोण?… अगं मोठ्याने बोल, मागे मोटर घोंघावतेय… वनमाला? बोल बाय. मामाच बोलतोय, दुसरं कोण असणार ह्या घरात.

बुडबुडे? कुठे, स्विमिंग पुलात?… भिंतीतून पाणी येतं तिथून. बारीक की मोठे?… सोड्याच्या बाटलीसारखे. आणि गेजचा काटा?… थरथरतोय. हं. पंप हवा ओढतोय तुझा.

गेला कुठे? कोण म्हणालं पंप गेला?… कंपनीचा माणूस. त्याच्या हातात पाना होता की वही?… वही. मग झालं.

थांब, थांब. पाच वाजता काय आहे?… सोसायटीची कमिटी बसणार. चंद्रप्रकाश साहेब कंपनीच्या कागदावर सही करणार. पंप नवा, आणि चालवायला माणूसही त्यांचाच… म्हणजे तू घरी.

रडू नकोस. वाजले किती?… सव्वातीन. पुष्कळ वेळ आहे… मी कुठे येऊ गं, परवा तुमचे जिने उतरलो तेव्हापासून गुडघा सुजलाय. कांजूरमार्गला बसून मुलुंडचा पंप बघतो. तू माझे डोळे हो.

आधी पुलातलं पाणी बघ… टाइल्सच्या निम्म्यापर्यंत? मग पाणी कमी नाही. आता पंपाच्या काचेच्या झाकणातून बघ. भांडं भरलंय की पाणी उसळतंय?… उसळतंय. म्हणजे पूल ते पंप, एवढ्यातच कुठेतरी हवा शिरतेय… नाही, जमीन ओली नसणारच. पंप पाणी ढकलतो त्या बाजूला भोक असेल तर पाणी बाहेर येतं. ओढतो त्या बाजूला असेल तर हवा आत जाते. म्हणून दिसत नाही.

अगरबत्ती आहे?… देवासाठी नाही गं, हवा शोधायला. वॉचमनच्या केबिनमध्ये बघ, दशरथच्या देव्हाऱ्यात असेल. जा. मी धरतो फोन.

… हॅलो. आहे, आहे, इथेच आहे. मिळाली?… मोगरा? ऐट आहे दशरथची. पेटव. पंखा बंद कर, दार ओढून घे. आता एकेका जोडाजवळ धर. हळू… व्हॉल्व्हपाशी?… धूर सरळ वर. पुढे चल. तो मोठा आट्यांचा जोड?… सरळ. मधला जोड?… खोकू नकोस, तोंड फिरव तिकडे. सरळ?… बरं. आता झाकण. कडेकडेने ने…

काय झालं?… धूर आत वाकला? पुन्हा धर… पुन्हा वाकला. सापडली. झाकणापाशी आहे.

आता मला सांग, त्या झाकणाला हात कोणी लावला? चौदा वर्षं दर आठवड्याला उघडायचो मी, एकदा हवा शिरली नाही. तू उघडलंस?… नाही. दशरथने?… त्याला फुरसत कुठली. मग काय आपोआप उघडलं?… बोल ना. घाबरतेस कशाला, नाव सांग. असा झाडतो त्याला की…

कोण?

मी?

… परवा. खंडेनवमीला. हो, उघडलं होतं. जाळी धुतली, पुसली, पूजा केली… हार बाहेरून घातला होता, हार आत नाही… तू नको म्हणाली होतीस? म्हणाली असशील.

बरं. मोटर बंद कर. आधी मोटर, मग दोन्ही व्हॉल्व्ह, नाहीतर पुलाचं पाणी अंगावर येईल… झालं? झाकण उलटं फिरव. रबरी रिंग काढ. तडा आहे?… नाही. रिंग बसते त्या खाचेत बोट फिरव… काय लागलं?… नीट सांग… तांदूळ. किती?… तीन दाणे. कुंकू लागलेले. म्हणजे अक्षताच.

हसतेस काय? गिरणीत आम्ही दरवर्षी साच्यावर, कापडाच्या मागावर, वाहायचो. साचा हवा ओढत नाही, ते वेगळं.

खाच पुस. रिंगला त्या ट्यूबमधलं रबराचं ग्रीस लाव. खोबरेल नको, रबर फुगतं… मी लावायचो? नाही लावायचो. पातळ हात फिरव. भांड्यात वरपर्यंत पाणी ओत, मग झाकण लाव. हातानेच आवळ, पाना नको. व्हॉल्व्ह उघड. आता मोटर… फिल्टरवरची हवेची चावी सोड… फुसफुसतंय? पाणी आलं की बंद कर… काटा?… थांबला. भांडं?… भरलं. जा, पूल बघ… एकही नाही? नीट बघ, दोन मिनिटं उभी राहा… बरं. बरं झालं.

साहेबांना काय सांगणार?… 'रिंग जुनी झाली होती'? का म्हणून?… माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही. आणि रिंग जुनी होती तर माझ्या जागी लागल्यापासून दोन महिन्यांत तू बदलली का नाहीस, विचारतील. मग काय सांगशील?… कोण आलं?… साहेब? दे फोन… दे म्हणतो ना.

नमस्कार साहेब, धाकू… बरा आहे. साहेब, पंप चांगला आहे. झाकणाखाली तांदूळ अडकले होते… तांदूळ, हो. खायचे. तीन दाणे… मी टाकले. खंडेनवमीला… तिने नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. मी मामा ना… हो, मी आता नोकरीत नाही… हो, आत यायलाच नको होतं. बरोबर आहे तुमचं… पण शोधलं तिने साहेब. मी घरात बसून नुसता बडबडतोय. कंपनीवाला म्हणाला पंप गेला. तुम्ही समोर उभे आहात, बघा गेलाय का.

… बंदी? पंपरूमला?… कायमची. मंजूर… नाही, राग कसला. तिचं काय ते सांगा… सही नाही करणार. आज नाही की कधीच नाही?… तसं कमिटीपुढे बोला साहेब. तांदूळ माझे, शोधले तिने. एवढंच… हो, हो. द्या तिला.

हं. ऐकलंस ना?… रडतेस काय, तुझी नोकरी राहिली. माझी तर केव्हाच संपलीय… नाही गं, येणार नाही. बंदी म्हणजे बंदी.

आणि ऐक, पंपरूमची एक किल्ली माझ्याकडे राहिलीय… कुणाला माहीत नाही, म्हणूनच सांगतोय. रविवारी ये आणि घेऊन जा… राहू दे कशाला? मी काय करू तिचं?… मी देईन ना हातात, मुकाट्याने घे. आणि मी परत मागितली तर देऊ नकोस.

ठेवतो.