बंद खाणीतले दोन खडे

सांगू नको असं बजावलंय, पण सांगते. नशिराबादच्या बंद खाणीत आमच्या काकांना, म्हणजे नानांना, दोन चकाकते खडे सापडले. नाना म्हणाले, "गोरे साहेब लोक उगाच खणत नव्हते. हिरा शे हा!"

त्याच दिवशी खाण बघायला धुळ्याचे एक मास्तर आमच्याकडे उतरले. नानांनी संशयाने खडे चुलीच्या राखेत लपवले. सकाळी आईने चूल पेटवली आणि एक खडा लाहीसारखा फुलला; दुसरा राखेत नव्हताच.

मास्तर हसले. "हा दगड तापला की फुलतोच. हिरे नव्हते, म्हणून तर साहेबांनी खाण सोडली."

"याले बठ्ठं माहीत शे! म्हणजे यानंच दुसरा लांबवला!" नानांनी त्यांची पिशवी उपडी केली. "दुसरा खडा द्या मास्तर, मगच धुळ्याची मोटार पकडा."

मास्तर अजून ओट्यावर बसून आहेत. तो खडा तर मी आदल्या दिवशीच राखेतून काढून माझ्या—

ओट्यावरून मास्तरांची हाक आली, "पोरी, तुझं दप्तर आण बरं इकडे!"