स्वयंपाकी या टॅगपुढं

निवेदिता : मग शाळेत स्वयंपाक करणाऱ्या त्या चौघी गेल्या कुठं? फायलीत आहेत, पुस्तकाच्या पानावर नाहीत.

युवराज : त्यांचं कसं छापायचं, ते टेम्प्लेट लिहायचं राहिलं असेल, मॅडम. मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई, हुद्द्याच्या प्रत्येक टॅगला लिहिलंय. ‘स्वयंपाकी’ तेवढा सुटला.

निवेदिता : हे माकणीच्या शाळेच्या हेडसरांना सांग, ते ऐकून घेतील. गेल्या आठवड्यात तू शिपायाचं विसरलास, तेव्हा काय झालं होतं?

युवराज : नाव आलं होतं. नुसतंच, साध्या अक्षरात. लिपिकाच्या नावाला चिकटून.

निवेदिता : म्हणजे टॅगला टेम्प्लेट नसलं तरी मजकूर वेडावाकडा का होईना, उतरतो. अजिबात नाहीसा कधी होतो?

युवराज : टेम्प्लेट मॅच होतं, पण आत काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा.

निवेदिता : ही बघ तुझ्या कोडमधली ओळ एकशे बारा. मॅच ‘स्वयंपाकी’, आत कोरं. हे विसरून होत नाही रे. मुद्दाम लिहावं लागतं.

युवराज : (ती ओळ वर सरकवत) बाकीची पानं तयार आहेत, मॅडम.

निवेदिता : शाळेच्या पन्नाशीचं पुस्तक आहे. आज दुपारी चारला सोलापूरच्या प्रेसला जायचंय. चौघींतल्या पहिल्या बाईचं आडनाव तुझंच आहे. कोण?

युवराज : आई.

निवेदिता : आणि बाकीच्या तिघींनी काय केलं होतं? एका नावापुरतं मॅच लिहायला येतं तुला.

युवराज : एकटी आईच गळाली असती तर कुणाच्याही नजरेत आलं असतं. चौघी गेल्या की चूक वाटते.

निवेदिता : हिशेबानं केलंस तर.

युवराज : माझं लग्न ठरलंय, मॅडम. वैष्णवीच्या वडिलांनी विचारलं, आई काय करतात. मी म्हणालो, शाळेत असते. खोटं काही बोललो नाही. ते आपले मनानंच शिक्षिका समजले. आता पुस्तकाच्या कार्यक्रमाला ते येणार आहेत.

निवेदिता : आणि आईंना हे...

(दार ढकलून विठाबाई आत येते.)

विठाबाई : हितंच व्हय रं तुझं हापिस? दोन येष्ट्या बदलून आले, पाय भरून आले. राम राम, बाई. मी युवराजची आई.

निवेदिता : या मावशी, बसा. पाणी घ्या.

युवराज : आई, तू कशी काय?

विठाबाई : त्या तिघींनी धाडलंय. उमादेवी रोज इचारती, पोरगा तुझा, पुस्तक तुझ्या पोराकडं, मग आपला फोटू कसा आलाय? नवं लुगडं नेसून काढलाय बया तिनं. दाव की.

युवराज : ते पान अजून तयार नाही.

विठाबाई : चारला जायाचं म्हणून हेडसर बोलले. मग आता कवा हुनार? ... खाली काय बगतो? न्हाय ना घातलं आमाला?

युवराज : आई...

विठाबाई : बाई, तुमी सांगा. यंत्रानं गाळलं का ह्यानं?

निवेदिता : मावशी, प्रत्येक नावावर आत एक खूण असते. ती खूण दिसली की काय छापायचं, ते आधी लिहून ठेवावं लागतं.

विठाबाई : आन् आमच्या खुनंपुढं काय लिवलंय?

युवराज : काहीच नाही. मी कोरं ठेवलं.

विठाबाई : हं. पावनं घरी आलते तवाच कळलं मला. ते म्हनले, विहीणबाई, तुमच्या हाताखाली पोरं किती? म्या म्हनलं, तीनशे. त्यात लबाडी न्हाय. तीनशेच जेवत्यात. तू तवा असाच खाली बगत हुतास.

युवराज : तू काही बोलली का नाहीस?

विठाबाई : पावन्यांम्होरं तुजं त्वांड पाडू व्हय? ... बाई, माजं एकटीचं गाळता येतं का? त्या तिघींचं ऱ्हाऊ द्या. बावीस वर्सं धुरात काढली त्यांनी, त्यांचा काय गुन्हा?

निवेदिता : येतं मावशी. युवराज सांगेल. त्याला चांगलं येतं.

युवराज : नको. ती कोरी ओळच काढली मी, मॅडम.

निवेदिता : बघू. हं, आल्या चौघी. पण सगळी नावं एकात एक. अशी पाठवायची?

युवराज : लिहितोय. शिक्षकांचंच टेम्प्लेट घेतो. फोटो, नाव, हुद्दा, किती वर्षं. आई, हुद्दा काय लिहू? आहार मदतनीस?

विठाबाई : ते कोन? आमी शिजवतो. तेच लिव.

युवराज : स्वयंपाकी. बघ, हा तुझा फोटो. ... आई, वैष्णवीच्या वडिलांना मी आजच फोन करून सांगतो.

विठाबाई : आदी छापून येऊ दे. फोनवर तू परत म्हनशील, शाळेत असती.