कालौघात नव्हे, एका मे महिन्यात

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. विजूताई, तुमची बहीण गेली. तुमच्यासमोर उभं राहून काय बोलावं ते मला कळत नाही. दहा दिवस झाले, अजून कळत नाही. मी लिहिणारी बाई आहे, पण काल रात्री लिहून आणलेला कागद मी सकाळी फाडला. तो फार नेटका झाला होता.

आधी एक सांगून टाकते. मंचाच्या पायऱ्यांशी जो थर्माकोलचा खोका ठेवलाय, त्यात मासळी नाही. मघापासून पुढच्या ओळीत दोघातिघांनी नाकाला रुमाल लावलाय. खोका मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून मागून आणलाय, वास बांगड्याचा आहे, पण आत मासळी नाही. काय आहे ते मी शेवटी सांगेन.

आत्ता संस्थेतर्फे ठराव वाचला गेला. मयेकरबाईंनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पिढ्या घडवल्या, हे सगळं खरं आहे. मग एक वाक्य आलं. 'बाईंनी जमवलेला जीवाश्मांचा अमूल्य संग्रह दुर्दैवाने कालौघात नष्ट झाला.'

कालौघात.

मंडळी, मला आज या एका शब्दावर बोलायचं आहे. बाकीचं चांगलं चांगलं इतर वक्ते बोलतील.

तो संग्रह काय होता, हे इथल्या पुष्कळांना माहीत नसेल. आपल्याकडे विहीर खणायला घेतली की आधी जांभा लागतो. मग पिवळी-पांढरी चिकट माती. आणि काही ठिकाणी, खूप खाली, काळा चिखल लागतो. त्यात लाकडाचे तुकडे असतात, कोळशासारखे. आमच्या वाडीत जुनी माणसं म्हणायची, परशुरामाच्या यज्ञातले निखारे आहेत ते. विहीर खणणारे तो चिखल बाजूला टाकायचे, आणि चार उन्हांत त्याची भुकटी व्हायची.

बाईंनी तो टाकू दिला नाही. तालुक्यातल्या विहिरी खणणाऱ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, काळं लागलं की मला कळवा. तिसऱ्या ओळीत भुवडकाका बसलेत. आयुष्यभर विहिरी खणल्या त्यांनी. ते शाळेच्या फाटकाशी यायचे आणि तिथूनच हाक द्यायचे, "बाई, काला लागलाय. बेगीन या, न्हायतर सुकंल." बाई तास सोडून जायच्या. मुख्याध्यापक चिडायचे. बाई परत यायच्या तेव्हा साडीला चिखल, आणि हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला गोळा.

मग आम्हाला भोवती बोलवायच्या. एक बोथट सुरी होती, पावाला लोणी लावायची. ती गोळ्यात हलकेच सरकवून त्या गोळा उघडायच्या. आत पान असायचं. नेहमी नाही, कधी कधी. मधासारख्या रंगाचं, शिरा-शिरा दिसणारं, ओलं. जणू आत्ता झाडावरून पडलंय. बाई म्हणायच्या, "बघा. पटकन बघा. दोन मिनिटं आहेत तुमच्याकडे." कारण हवा लागली की ते पान काळं पडायला लागायचं, कडा वळायच्या, आणि कुणी जवळ श्वास सोडला तरी उडून जायचं. कोटीहून जास्त वर्षं अंधारात टिकलेलं पान आमच्यासमोर दोन मिनिटांत जायचं. मी तेरा वर्षांची होते. मला तेव्हा रडू आलं होतं, आणि बाईंनी मला रडू दिलं होतं.

त्या निखाऱ्यांच्या गोष्टीला त्या कधी हसल्या नाहीत. भुवडकाकांना एकदा एवढंच म्हणाल्या, "जळलं असतं तर राख झाली असती. हे पान जळलेलं नाही, दबलंय." काका म्हणाले, "मंग सांगनारा बापूस खोटा?" बाई म्हणाल्या, "बापसाने पान नव्हतं पाहिलं. तुम्ही पाहिलंत." बरोबर ना, काका?

दरवर्षी नववीत त्या वादविवाद घ्यायच्या. विषय एकच. या पानांवरून जीवसृष्टीचा इतिहास कळतो की नाही. आणि जी मुलगी सगळ्यात जास्त बोलायची, तिला मुद्दाम विरुद्ध बाजूला उभं करायच्या. आमच्या वर्षी ती मुलगी मी.

मी म्हटलं होतं, हे तर आमच्या परसातल्या जांभळाचं पान. बाईंनीच वर्गात तसं सांगितलंय. मग इतक्या वर्षांत बदललं काय? आज जे आहे तेच तेव्हा होतं. यावरून काहीच सिद्ध होत नाही.

टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस मला मिळालं, बाईंच्याच हातून. शाळेच्या वार्षिक अंकात ते भाषण छापून आलं. माझं पहिलं छापलेलं लिखाण.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला जांभळाची फांदी तोडून आणायला लावली. काचेखाली डिंक लावून जेमतेम काही महिने टिकणारं एक पान त्यांनी काढलं आणि शेजारी ताजं पान ठेवलं. म्हणाल्या, शिरा बघ. जांभळाच्या पानात काठालगत एक बारीक शीर पानभर फिरते, बाकीच्या शिरा तिला येऊन मिळतात. चिखलातल्या पानात ती शीर नव्हती. मी विचारलं, मग हे कोणाचं पान? बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण तुझ्या परसातलं नाही."

आणि त्या आठवड्यात, प्रार्थनेला, सगळ्या शाळेसमोर त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी तुम्हाला जांभळाचं पान सांगितलं होतं, ते चूक होतं. एका मुलीने विरुद्ध बाजूने वाद घातला म्हणून मी पुन्हा पाहिलं. पुढे काही वर्षांनी त्यांना पक्कं कळलं. ज्या झाडांची ती पानं होती, ती झाडं आज आपल्या किनाऱ्यावर कुठेच नाहीत. तसली जंगलं लांब, पार दक्षिणेकडे आहेत. म्हणजे इथे, या जांभ्याच्या सड्याखाली, एक आख्खं रान होतं आणि ते गेलं. बाई म्हणायच्या, पान एवढंच सांगतं. त्याहून जास्त त्याच्या तोंडी घालायचं नाही, आणि त्याहून कमी ऐकायचं नाही.

आता कालौघाकडे येते.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलअखेर बाई निवृत्त झाल्या. प्रयोगशाळेत त्यांचे पत्र्याचे डबे होते. न उघडलेले गोळे, ओल्या गोणपाटात. आठवड्यातून एकदा पाणी शिंपडायचं, बुरशी येऊ नये म्हणून दोन थेंब फिनेल. बस, एवढीच निगा. बाईंनी विचारलं, डबे घरी नेऊ का? उत्तर आलं, ती शाळेची मालमत्ता आहे. बरं, मग सुट्टीत आठवड्याला एकदा येऊन पाणी मारू का? त्यासाठी किल्ली लागेल. त्यावर संस्थेची बैठक बसली. बाईंना पत्र गेलं. ते पत्र माझ्याजवळ आहे, विजूताईंनी दिलंय.

पत्रात लिहिलंय की या संग्रहाला शैक्षणिक मूल्य नाही, म्हणून किल्ली देता येणार नाही. कारणं दोन. एक, संबंधित शिक्षिकेने स्वतःची चूक जाहीरपणे मान्य केलेली आहे. दोन, शाळेच्या अंकात एका विद्यार्थिनीने या पानांवरून काहीच सिद्ध होत नाही हे दाखवून दिलेलं आहे.

ती विद्यार्थिनी मी आहे.

अध्यक्षसाहेब, मी चौदा वर्षांची होते. मला बाईंनीच त्या बाजूला उभं केलं होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर बाईंनी काही वर्षांत शोधून काढलं. तुम्ही प्रश्न तेवढा उचललात. आणि चूक मान्य केली हा तुम्ही दोष धरलात? जो माणूस कधीच चूक मान्य करत नाही, त्याच्या हाती किल्ली सुरक्षित असते, असं आहे का?

नेऊ द्यायचं नाही, म्हणून ती मालमत्ता. पाणी मारू द्यायचं नाही, म्हणून ती निरुपयोगी माती. एकाच संस्थेची ही दोन्ही उत्तरं.

बाईंनी मला फोन केला होता. म्हणाल्या, रविवारी संस्थेची सभा आहे, मी हा विषय पुन्हा काढणार, तू ये आणि दोन शब्द बोल. भाषण तुझं आहे, तूच सांग ते काय होतं. मी आले. याच सभागृहात, शेवटून दुसऱ्या ओळीत बसले. जूनमध्ये शाळा माझा सत्कार करणार होती, पुस्तकाबद्दल. मी एक शब्द बोलले नाही. बाईंनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

तो सत्कार झाला. ती शाल माझ्या कपाटात आहे.

तो मे किती तापला होता, तुम्हाला आठवत असेल. प्रयोगशाळेला वर पत्रा आहे. जूनमध्ये दार उघडलं तेव्हा डब्यांत भुकटी होती. ती फाटकाजवळच्या जास्वंदीच्या आळ्यांत ओतली. आणि बाई आल्यावर त्यांना काय सांगितलं? "बाई, डब्यांत नुसती माती होती." पुढे गावात सगळे हेच म्हणू लागले. तीस वर्षं माती जमवली बाईंनी. पुरावा कुठाय? दाखवा की.

बाई त्या दुःखाने गेल्या, असं मी म्हणणार नाही. त्यांचं हृदय आधीपासून अशक्त होतं. पुराव्याशिवाय काढलेले निष्कर्ष त्यांना चालत नसत, आणि आज तर मी ते काढणारच नाही. पण जेवढं दिसतं तेवढं तरी मला म्हणू द्या.

काळाने ती पानं नष्ट केली नाहीत. काळाने ती जपली. समुद्र पुढे आला, मागे गेला, वर एवढा जांभा तयार झाला, आणि खाली एक पान शिरांसकट तसंच राहिलं. काळाचं नाव घेऊ नका. ती पानं एका मे महिन्यात गेली. एका कुलपाने गेली. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत गप्प बसलेल्या एका बाईमुळे गेली. ठरावातला तो शब्द खोडा, आणि खरं लिहा. माझं नाव घालायचं तर घाला. प्रयोगशाळेला बाईंचं नाव द्यायचं म्हणता, त्याआधी हे एक वाक्य दुरुस्त करा. बाईंनी सगळ्या शाळेसमोर केलं होतं, तुम्हाला एका सभेसमोर करता येईल.

आता खोक्याचं सांगते.

परवा सकाळी मी बाईंच्या घरी विजूताईंजवळ बसले होते. फाटकाशी हाक आली, "बाई हायत काय? काला लागलाय." भुवडकाका. पुतण्याची विहीर खणतायत, आठवडाभर तिकडेच होते. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. विजूताईंनी बाहेर जाऊन सांगितलं. काकांनी हातातली गोणपाटाची गुंडाळी पायरीवर ठेवली, डोक्याचं फडकं काढलं आणि तिथेच खाली बसले. म्हणाले, "ह्या ओला ठेवा."

आम्ही ओलं ठेवलंय. मिरकरवाड्यात बाईंची एक विद्यार्थिनी मासळी विकते. तिने खोका दिला, बर्फही दिला, आणि म्हणाली, बाईंना सांगा... मग तिने आणखी एक ओंजळ बर्फ घातला.

काका, तुम्ही वर या. सुरी बाईंचीच आहे. तुम्हीच चालवा, चिखल कुठे उघडतो ते तुम्हाला कळतं.

मंडळी, आत पान असेल की नाही, मला माहीत नाही. नसलं, तर नव्हतं असं आपण म्हणू आणि तसं लिहून ठेवू. असलं, तर आपल्याकडे दोन मिनिटं आहेत. शोकसभेत दोन मिनिटं मान खाली घालून, डोळे मिटून उभं राहतात. आज तसं नको. अध्यक्षसाहेब, तुम्हीही उठा. सगळे पुढे या. मुलांना पुढे घ्या. बोलू नका, श्वास जपून सोडा.

बाई, मी या वेळी पहिल्या ओळीत आहे.

डोळे उघडे ठेवा. बघा.