चौदाचा पंखा

"हॅलो?... हॅलो! हाव, शकूरच बोलतो, जिनिंगवरून... शालिकदादा? जोरानं बोला जरा, इथं लय गलका हाय..."

गलका म्हणजे दारावर पडणारे लाठ्यांचे तडाखे. शकूर मिस्त्रीनं कापसाच्या जिनिंगच्या कचेरीला आतून कडी घातली होती आणि दाराला मेज लावून ठेवलं होतं. बाहेर हिंमतराव मालकाची माणसं त्याला जिवंत सोडायच्या बेतात नव्हती. सकाळी नोंदवलेला मुंबईचा फोन नेमका आता लागला होता.

शालिकदादा म्हणजे शालिग्राम, मूळचा इकडचाच, सोनाळ्याचा. बारा वर्षं मुंबईच्या गोदीत बोटींचे पाण्याखालचे पंखे बसवण्यात गेलेली. लढाई सरल्यावर हिंमतरावांनी साहेबलोकांना बदकांच्या शिकारीला फिरवण्यासाठी दोन इंजिनांची बोट घेतली, ती नीट करून शेगावला मालगाडीनं धाडली होती शालिग्रामनंच.

"खुशाली मंग सांगतो. पूर्णेले पूर आला दादा. पलीकडचं गाव पाण्यात हाय, एकोणचाळीस माणसं शाळेच्या छपरावर... हाव. तुमची बहीण रुखमाबाई बी. नका, रडू नका, आयका! बोट धारेत टिकतच नाई. दोन्ही इंजिनं पुरी सोडली तरी फेऱ्यांचा काटा सोळाशाच्या वर सरकत नाई... बावीसशे पायजे, मले मालूम हाय ना!... हाव, काळा धूर. हात लावला तं कातडं निघते."

दाराची एक फळी चिरफळली. शकूर फोनची तार ओढत पंख्यांच्या पेटीजवळ सरकला.

"कोण? तुळशीराम?... हाय. काठावर हाय तो."

हे खोटं नव्हतं. रुखमाबाईचा नवरा तुळशीराम भोई काठावरच होता, ताडपत्रीखाली. सकाळी ऐन धारेत उजव्या पंख्यात दोर गुंतला, इंजिन बंद पडलं, बोट वाहत जाऊन बाभळीला अडकली. तुळशीराम कमरेला रस्सी बांधून पाण्यात उतरला. तो खालून दोर कापत असताना हिंमतराव मालक घाई करत होते. मांडीवर बंदूक आडवी. "थांबा मालक, माणूस खाली हाय!" शकूर ओरडला, तोवर त्यांनी बटन दाबलं होतं. बोट एकदा हादरली. पाणी लाल झालं आणि लगेच पुन्हा गढूळ. रस्सी ओढली तेव्हा तुळशीराम वर आला, पण सगळा आला नाही.

शकूरच्या हातात पाना होता. त्यानं तो मालकाच्या जबड्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्यानं कानानं ऐकला आणि त्याला बरं वाटलं. भोयांनी बोट ओढून काठाला लावली, तशी मालकाची माणसं धावून आली. शकूर पळाला तो थेट इथं, कारण दुसरे पंखे ह्याच पेटीत होते.

आता हे शालिग्रामला सांगायचं कसं? तो पुन्हा रडायला लागला तर माप कोण सांगणार?

"पेटीत तीन हायेत. बोला... सोळा बाय अकरा. तिन्हीवर तेच खोदलं हाय. बोटीले सोळा बाय चौदा लागले हायेत... हं. म्हंजे रुंदी तेवढीच, पण चौदाचा एका फेऱ्यात लय पाणी रेटाले पाह्यते, अन् इंजिनाले तेवढा दम नाई... हाव, समजलं. एका इंचाले दोनशे फेरे. मंग तीन इंच कमी केलं तं सहाशे. सोळाशे अन् सहाशे, बावीसशे! बरोबर दादा!... बोट कमी पळन? नाई पळाली तं चालन, धारेत जोर लावला पायजे."

दाराची वरची फळी आत कोसळली. तिच्यातून कुऱ्हाड आणि मागोमाग मालकाच्या गड्याचा, शेषरावचा, खांदा आला.

"एक मिनिट धरा!"

शकूरनं रिसीव्हर जमिनीवर टाकला, पितळेचा एक पंखा दोन्ही हातांनी उचलला आणि मेजावरून आत पडलेल्या शेषरावच्या गुडघ्यावर हाणला. शेषराव गुरासारखा ओरडला. कुऱ्हाड निसटली, पण निसटताना शकूरच्या दंडात दोन बोटं खोल रुतून गेली. त्यानं ती पायानं कोपऱ्यात ढकलली आणि रक्तानं चिकट झालेल्या हातानं रिसीव्हर घेतला.

"हाव, हाय इथंच. काई नाई, पडलं कोणी... डावा-उजवा? सांगा, कसा वळखू?... आडवा ठेवला जमिनीवर. समोरचं पातं पाह्यतो... उजवीकडं चढते. हा उजवा. दुसरा... तो बी उजवा! दोन्ही उजवे, दादा, आता?... थांबा, तिसरा... डावीकडं चढते. अल्लाची मेहेर. एक उजवा, एक डावा. समजलं, जिथला तिथं."

शेषराव भिंतीला टेकून गुडघा धरून बसला होता आणि आई-बहिणीवरून शिव्या देत होता. शकूर त्याच्याकडे वळला.

"शेषराव, तुही माय बी त्याच छपरावर हाय. मनकर्णाबाई. म्या सकाळी दुर्बिणीतून पाह्यली, लुगड्याचा पदर हालवत होती. आता मार मले."

शेषरावची शिवी अर्ध्यात थांबली. मग तो ढुंगणावर सरकत दारापाशी गेला, फुटक्या फळीला पाठ लावून बसला आणि बाहेरच्यांना म्हणाला की कोणी आत आलं तर त्याचा तो गळा चावील. बाहेरचा गलका हळूहळू विरला.

त्या दिवशी पुढं दोन्ही पंखे बसले, काटा एकवीसशे पन्नासवर गेला आणि दिवस बुडायच्या आत तीन खेपांत छपर रिकामं झालं. पोलीस आले ते त्यानंतर. शकूर सहा महिने तुरुंगात राहिला, आणि मालकाचा जबडा जन्मभर वाकडा. पण ते सगळं मागाहूनचं. त्या वेळी शकूर खिडकीची कडी काढत होता, आणि शालिग्राम पुन्हा तुळशीरामबद्दलच विचारत होता.

"तुळशीरामले द्या म्हणता?... दादा. तो नाई बोलू शकत. मेला तो. सकाळी. पंख्याखाली... हाव. आधी नाई सांगतलं, माप पायजे होतं मले. माफ करा."

 शालिग्रामनं एकच विचारलं, आणि शकूरनं ते परत म्हटलं.

"कोणता पंखा?... चौदाचाच. उजवा... हाव दादा, तुमीच बसवून धाडलेला. पण मालकानं मांगला होता ना, तुमी काय... नाई, आयका तं खरं! बटन त्यानं दाबलं! तुमचा हात नाई त्याच्यात... कोण, एक्स्चेंज? तीन मिनिटं झाले? साहेब, अजून एक मिनिट, पाया पडतो, माणूस रडून राह्यला तिकडं... दादा, आयकू येते का? तुमचा हात नाई त्याच्यात..."

लाइन कधीच तुटली होती. शकूरनं ते आणखी दोनदा सांगितलं, रिसीव्हर ठेवला आणि दोन पंखे काखेत मारून खिडकीतून उडी टाकली.