बिबा कुणाला उतला

— न्हाई माणिकराव, बहिणीला न्यायची बात काढू नका. साखऱ्याहून गाडी जुंपून आलात, च्या घ्या अन् माघारी जा. तोंड सुजलं म्हून कुणी सून माहेरी धाडतं का? बिबा उतलाय, त्याच्या तेलानं कातडं सुजलंय, बाकी काही न्हाई. नव्या नवरीला नजर लागू नये म्हून मी कपाळाला बिब्याचा ठिपका लावला, तर बाईचे डोळेच मिटले! आमच्या वेळी उतत होता का कुणाला? कुण्णाला न्हाई. हे आताच वाढलंय — चांगल्या धडधाकट, मोठ्या माणसांत. काहून? गिरणीचं पीठ खाऊन कातडं पातळ झालं, दुसरं काय! माझी जाऊ चतुरा सुजली होती, व्हय — पण ते येगळं. तिला आमी बाहेरची बाधा म्हणलो, कोपऱ्यात बसवलं. बिब्याचं नाव कुणी घेतलंच न्हाई, मग उतला कसा म्हणावं? — अन् हिला लहानपणी कधी उतला न्हाई म्हणता? बराबर. खोड लपवूनच दिली तुमी. आमच्या संतरामचाबी, हिच्या नवऱ्याचा, कान सुजला, हिचंच लागलं त्याला. आता ओसरीवर झोपून राहिलाय बिचारा.

माझा हात काय बघता? चुलीनं भाजला. — कोपरापस्तोर? मोठी चूल हाय आमची! अहो, अख्ख्या बाळापुरातल्या बाळंतिणींला मी ह्याच हातानं बिबा लावला, जन्म गेला माझा. मला कसा उतंल? ते परवा उशी उसवली तवा जरा —

कोणती उशी म्हंजे? हिचीच. थांबा, पुरतं ऐका तरी. ठिपक्यानं सुजली का सोंग केलं, कसं कळावं माणसाला? म्हून सूज उतरली तशी एक बिबा फोडून उशीत घातला, तिला न सांगता. पुन्हा सुजली. मग मी मानलंच की! खोटं बोलत न्हाई सून, हे मला आता पटलंय. एवढी पारख कोण करतं हो सुनेची? — उठता काहून? आवाज खाली. शेजारी जमनाबाई कान लावून बसली असंल.

अनुसूये, गठुडं खाली ठिव. सासू बोलून राहिली अन् तू पुढून चालली? — गठुडं गाडीत टाकलंसबी?

जा मग. जा! — बाजाराकडून नका जाऊ, मळ्याच्या वाटेनं जा. लोकांला तोंड दिसंल तिचं.