शक्य होईल तेव्हा

हॅलो?… हॅलो, कोण?… नाही, मॅडम नाहीत, मी त्यांचा नवरा. फोन स्वयंपाकघरात विसरलीये ती… हो, हो, आरोग्य खात्याचे साहेब ना, ओळखलं. धापा टाकताय त्यावरूनच ओळखलं.

आहे ना, घरातच आहे. आतल्या खोलीत, लॅपटॉपसमोर. तुमची त्या साथरोगाच्या करारावरची तज्ज्ञांची बैठक चाललीये ना?… अध्यक्षांनी दोनदा नाव पुकारलं? आणि ही बोलत नाहीये?… नेट गेलं असेल हो… नाही? चेहरा दिसतोय?… थांबा, बघतो. अरे देवा, भाजी लागली! गॅस बंद करतो, एक सेकंद.

हां, बोला… जातोय, जातोय, उडता तर येत नाही ना मला! आई, टीव्ही बारीक कर गं जरा!

बसलीये हो. समोर तुम्ही वाचायला पाठवलेला कागद आणि हाताची घडी. अगं, साहेबांचा फोन आहे. बोल ना, सगळं जग खोळंबलंय म्हणे… काय?… साहेब, ती म्हणते, हा कागद मी वाचणार नाही.

अहो, माझ्यावर का ओरडता! मी नुसता निरोप्या… कुठलं वाक्य?… अगं, कुठलं वाक्य म्हणतायत?… दे, वाचतो. "नवी साथ आली की प्रत्येक देशाने विषाणूचे नमुने ताबडतोब द्यावेत, आणि त्यापासून झालेली लस त्या देशाला शक्य होईल तेव्हा मिळावी." बरं. आणि हिने म्हणायचं, आम्हा तज्ज्ञांना हे मान्य आहे? एवढंच?… साहेब, चिडू नका, पण मी शिंपी माणूस. 'कापड आत्ता टाका, शर्ट शक्य होईल तेव्हा देतो' म्हटलं, तर गिऱ्हाईक पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढेल का?

नाही कळत मला, मान्य. हो… हो… ऐकतोय ना. इतकी वर्षं वाटाघाटी, बाकी सगळं ठरलंय, आज शेवटचा दिवस, या एका वाक्यावर गाडं अडलंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय तुमचं… काय? अध्यक्ष पुढच्या देशाकडे वळतायत?… अगं, ते पुढे चाललेत!… साहेब, ती म्हणते, बोलेन, पण माझं मी बोलेन. हो का नाही? पटकन सांगा!… 'काय हवं ते बोला, पण बोला'?… अगं, हो म्हणाले! लाव माईक!

लावला. मी बाहेर आलोय, दार ओढून घेतलंय… येतंय ना ऐकू, दाराला कान लावूनच उभा आहे. आपल्याच भाषेत बोलतेय. दुभाषे बसवलेत ना तुम्ही?… गेल्या साथीचं सांगतेय. हिच्या प्रयोगशाळेतून नमुने गेले, त्यातल्या एकापासून लस झाली. ठाऊक आहे मला. केवढी खूश होती तेव्हा…

काय म्हणाली ही आत्ता?

साहेब, गप्प बसा जरा… तो नमुना माझ्या आईचा होता म्हणतेय. माझ्या आईचा… पहिल्या लाटेत आजारी होती ती, बरी झाली. हिनेच घेतला होता नाकातून… नाही हो, मला नव्हतं माहीत! घरात कुणालाच नाही.

अहो, तुम्हाला कळतंय का? माझा धाकटा भाऊ अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा. दुसऱ्या लाटेत गेला, लशीची वाट बघत. तिकडे श्रीमंत देशांत घरबसल्या धडधाकट माणसांनाही मिळत होती तेव्हा… आईच्या नमुन्यातून झालेली लस, साहेब, आणि तिच्याच पोराला नाही मिळाली.

काय बंद करू?… नेट?… कागदात नव्हतं म्हणून?… 'वीज गेली म्हणून सांगतो'? वा रे वा! बटण आहे ना, हे काय, माझ्या डोक्याशीच आहे… ऐकलं, नोकरीवर येईल तुमच्या. वाईट वाटतं मला, खरंच वाटतं. पण नाही दाबणार. एवढी वर्षं हिने हे एकटीने गिळलंय. एका ताटात जेवलो आम्ही, पण कळू दिलं नाही तिने. आता बोलू दे तिला.

नाही… नाही म्हटलं ना, साहेब. हात जोडू नका.

एक मिनिट… आई आलीये. माझ्या मागेच उभी आहे, केव्हाची कोण जाणे… नाही, रडत नाहीये. आई, तू बस ना खाली. खुर्ची देऊ?… काय गं?…

साहेब, ठेवतो फोन. आई म्हणते, दार उघड, तिला नीट ऐकायचंय.