नवसाचा काळा दोरा

सून बाळंतपणात अडली होती, तेव्हा मी नारायणगडाच्या देवाला नवस बोलले होते, "लेकरू सुखरूप होऊ दे, पाच वर्षं गडाचा काळा दोरा त्याच्या गळ्यात ठेवीन." नात झाली. मी दोरा बांधला, चांगल्या सात गाठी मारून.

पुढं गावात पाळणाघर निघालं. मी आणि शेजारची रुक्मिणबाई कामाला लागणार होतो, पण आधी तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं. रुक्मिणबाई फणकारली, "पाच लेकरं वाढवली, अन् ही कालची पोरगी आमाला शिकवती व्हय?"

शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाळाच्या गळ्यात दोरा, ताईत काहीच नको."

मी म्हणाले, "आमचा नवसाचा हाय, ताई. देव बघून घेईल."

तिसऱ्या दिवशी नात माझ्यासोबत होती. पाळण्यात कुशीवर वळली आणि दोरा कडीत अडकला. तोंड लालबुंद, आवाज बंद. मी गाठी ओढतेय, पण एकही सुटेना. ताई धावत आल्या, आधी लेकरू वर उचललं, मग कात्रीनं दोरा कापला. पोरीनं असा टाहो फोडला, की माझा जीव भांड्यात पडला.

रुक्मिणबाई म्हणाली, "अगं बया, नवस मोडला की!"

"मोडला न्हाई. लेकरू सुखरूप मागितलं हुतं, ते हाय."

आता पाळणाघरात लेकरू घेताना मी आधी गळा बघते. आई कितीही रुसली तरी दोरा काढूनच आत घेते.

तू चहाला आलीस म्हणून हे सांगितलं; तुझ्या नातवाच्याही गळ्यात ताईत हाय ना गं? चहा राहू दे, आधी घरी जाऊन काढ. देवाला काय सांगायचं, ते माझ्याकडं लागलं.